कापितान अंगावर आला तर

सेबू, सोमवार, ४ मार्च १९९१

फिलोमेना,

पोचले. निम्फाला मुलगा झाला. पोट कापून काढावा लागला, म्हणून तिला इतक्यात उठता येणार नाही आणि मलाही परतता येणार नाही. शुक्रवारी निघायच्या घाईत कुंपणावरून ओरडून जेवढं सांगता आलं तेवढं तुला सांगितलं, बाकीचं लिहिते. बुधवारच्या बोटीने बेबांग सुकटीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन परत निघेल, तिच्या हाती हे पत्र देते.

माझा तेओदुलो गेला तेव्हाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेनंतर आपण दोघी जावा एकमेकींशी बोललेलो नाही. ते सगळं जिथल्या तिथे आहे. कोंबड्या सांभाळायला दिल्या म्हणजे गोडी झाली असं समजू नकोस. तुझं परस माझ्या परसाला लागून आहे, आणि गावातलं दुसरं कुणी कापितान कोंबड्याच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही, एवढंच त्याचं कारण.

आता नीट वाच. सकाळी खुराडं उघडताना दाराच्या समोर उभी राहू नकोस, बाजूला राहा. मका आधी लांब फेक. तो कोंबड्यांना बोलावून आधी त्यांना खायला घालतो, स्वतः मागून खातो, तेवढा सभ्य आहे. तो त्यात गुंतला की अंडी काढून घे. त्याला पाठ दाखवायची नाही. पळायचं तर मुळीच नाही, तो पाठीचीच वाट बघत असतो. मान खाली घालून, एक पंख जमिनीला घासत, तिरका तिरका तुझ्याकडे यायला लागला तर तो नाचत नाहीये, अंगावर येतोय. तेव्हा गुडघ्यांपुढे सूप धर. लाथ मारू नकोस आणि खराटा उगारू नकोस, लाथ मारली की तो तुलाही कोंबडाच समजणार आणि मग रोजची मारामारी. झेप घेतलीच तर पाठीवर तळहात दाबून त्याला जमिनीशी धर. गप्प झाला की काखेत घे आणि सगळ्या कोंबड्यांसमोरून परसात एक फेरी मार. बायकांसमोर मान खाली गेली की त्याचा दिवसभराचा रुबाब उतरतो. लाल काही घालू नकोस.

मला तो काही करत नाही. मी नुसती हाक मारली की येतो. पण त्याला माणूस कळतं, म्हणून तुला हे सगळं शिकावं लागणार.

करडी कोंबडी खुडूक बसली आहे, तिला उठवू नकोस. मका बाहेरच्या पिंपात आहे, तेव्हा घरात जायचं काही काम नाही. दोरीवर माझे कपडे राहिले आहेत, पाऊस आला तर तेवढे काढ. अंडी तू खा. तू खाणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण मी सांगितलं नाही असं व्हायला नको.

क्रिसांता


सेबू, शनिवार, ९ मार्च

फिलोमेना,

काल बेबांग आली ती हसतच आली. टोपली खाली ठेवायलाही थांबली नाही. म्हणाली, "मानांग, तुमच्या कापितानने फिलोमेनाला उखळावर चढवलं! एका हातात सूप, दुसऱ्या हातात जपमाळ, आणि तोंडाने सगळ्या संतांची नावं. कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडलं, अगं संतांना कशाला त्रास देतेस, कापितानच्याच पाया पड!"

ऐकून फार वाईट वाटलं. हे लिहिताना मी हसत नाहीये.

पोटरीवर नख लागलं म्हणे. पेरूचा पाला उकळून त्या पाण्याने धू, चिघळणार नाही. पण तू पाठ दाखवली असणार, नाहीतर पोटरीवर कसं लागेल? एवढं सविस्तर लिहिलं होतं मी. तू सगळ्यांशी गोड बोलतेस, आणि माणसं त्याला भुलतात. कोंबडा भुलत नाही, त्याला मी काय करू? गावच्या प्रमुखाला आपल्याकडे कापितान म्हणतात आणि हे नाव कोंबड्याला ठेवलं म्हणून तो तेओदुलोवर रुसला होता, आठवतं? मला तर वाटतं रुसायला कोंबडा हवा होता. खरा कापितान कुणालाही खिशात घालता येतो.

इथे मला फारसं काम नाही. निम्फाची सासू, माझी विहीणबाई पुरिंग, हिने सगळं हातात घेतलंय. बाळाला अंघोळ तीच घालते, तेल तीच लावते, आणि मला म्हणते, "तुम्ही प्रवासातून दमून आलात, बसा." मी येऊन आठवडा झाला, अजून मी दमलेलीच. काल ती बाजारात गेली तेव्हा मी पोराला मांडीवर घेतलं. गोड हुंकार देत होता. ती आली आणि त्याने तोंड उघडलं. तिने खसकन माझ्या मांडीवरून उचलला तर हा लगेच गप्प! मी म्हटलं, "ढेकर निघाली असेल." तर ती म्हणाली, "नाही हो, त्याला माझा वास ओळखू येतो." वास! आठवड्याच्या पोराला!

शेवग्याचा पाला घालून कोंबडीचं पाणी करायचं म्हटलं तर इथे ती पांढरी, पिंजऱ्यातली, कापसासारखी कोंबडी मिळते. तिच्याने बाळंतिणीला काय दूध येणार? आपल्याकडची असती तर एका उकळीत घरभर वास सुटला असता. मला परस आठवतं. सकाळी इथे रिक्षांचे भोंगे ऐकून उठते.

त्याच्यापुढे वाकू नकोस. आणि उखळावरून उतरलीस का ते कळव.

क्रिसांता


सेबू, बुधवार, १३ मार्च

फिलोमेना,

काल तुझी चिठ्ठी मिळाली. "मानांग, कापितान आता शांत आहे. करडीची पिल्लं निघाली. काळजी करू नका. निम्फाला आणि बाळाला आशीर्वाद." एवढंच.

शांत आहे म्हणजे काय? आजारी आहे का? तुरा काळा पडलाय का? डालग्याखाली कोंडून ठेवलायस का? त्याला कोंडलं की तो खात नाही, म्हणून सांगून ठेवते.

मी बेबांगला विचारलं. ती म्हणाली, "आजारी कसला, मानांग! फिलोमेना पुढे आणि तो मागे. दाणे टाकून झाले की तिच्याबरोबर तिच्या दारापर्यंत जातो. परवा तिच्या हातावरचे दाणे खात होता. सगळं गाव बघायला येतंय." मी म्हटलं, "माझ्याही हातावरचे खातो, त्यात काय!" आणि उठून स्वयंपाकघरात गेले. निम्फा म्हणाली, "आई, काय झालं?" म्हटलं, कांदा चिरतेय. कांदा अजून टोपलीत होता.

तू त्याला काय घालतेस, मला खरं सांग. मका तर मीही घालते. की तेओदुलोला जे घालायचीस तेच? लिहायला नको होतं, पण आता लिहिलं आहे तर पुढचंही लिहिते. माझ्या घरी चूल पेटलेली असताना माझा नवरा कुंपण ओलांडून तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "अगं, सेविरो जहाजावर असतो, ती एकटी किती खाणार? उरतं ते वाया जातं." तुझ्या घरी रोज उरायचं कसं? एका माणसाचा स्वयंपाक करणारीला अंदाज येत नाही का? मी तुझ्या घरचा घासही कधी तोंडात घातला नाही, घालणारही नाही. आणि तो गेला तेव्हा त्या नऊ दिवसांत तू माझ्यापेक्षा जास्त रडलीस. बाया येत होत्या आणि आधी तुझ्या गळ्यात पडत होत्या, मग मला विचारत होत्या, कॉफी कुठे ठेवली आहे. विधवा कोण होती, फिलोमेना?

हा कोंबडा त्याच्या हातचा आहे. अंड्यातून निघाला तेव्हा आईने टाकलेला. तेओदुलोने त्याला आपल्या टोपीत घालून चुलीजवळ ठेवला, खोबरं चावून चोचीत भरवलं. म्हणायचा, "माणसाच्या हातचा वाढलेला कोंबडा माणसालाच कोंबडा समजतो, म्हणून हा अंगावर येतो. वैर नाही त्याच्या मनात, बरोबरीचा समजतो आपल्याला." नवरा गेल्यावर त्याच्या हातचं असं जिवंत माझ्याकडे हेच एक उरलं. ते सांभाळायला दिलं आहे, शिकवून घ्यायला नाही.

त्याला तुझ्या दारात बसू देत जाऊ नकोस. माझ्या परसात हाकल.

क्रिसांता


सेबू, शनिवार, १६ मार्च

फिलोमेना,

माझा निळा झगा तुझ्या अंगावर काय करतो?

बेबांगने पाहिला. तिला आधी वाटलं तुझाच असेल, मग बाहीवरचं माझं रफू ओळखलं. पांढऱ्या फुलांचा, तेओदुलोने शेवटच्या जत्रेत घेतलेला. दोरीवरचे कपडे पावसात भिजू देऊ नकोस म्हटलं होतं, घालून मिरव म्हटलं नव्हतं. गावभर तू माझा झगा घालून हिंडतेस, मागून माझा कोंबडा डुलत येतो, आणि लोक कुंपणाशी उभे राहून बघतात. आधी माझा नवरा तुझ्या स्वयंपाकघरात, मग त्याचा कोंबडा तुझ्या पायाशी, आता माझा झगा तुझ्या अंगावर. घराला कुलूप आहे म्हणून तेवढं राहिलं.

इथे विहीणबाईने आज बाळाचं नाव ठरवलं. मला विचारलंही नाही. मी "छान आहे" म्हटलं.

आता ऐक. कापितानला काप. माझ्या परसात जे माझं नाही ते मला नको. माझ्या घरात वाढलेला आणि दुसरीच्या मागे हिंडणारा कोंबडा मी परत येऊन तोंडासमोर बघायचा का? काप आणि अदोबो कर. माडाचा सिरका सढळ हाताने घाल म्हणजे वाटेत नासायचा नाही. जून आहे, चिवट असेल, जास्त वेळ शिजव. मडक्यात भरून बेबांगबरोबर पाठव, इथे विहीणबाईच्या घरची माणसं जेवतील. तेवढं तरी माझ्याकडून या घरात येऊ दे.

मला परत विचारू नकोस. कोंबडा माझा आहे आणि शब्दही माझा आहे.

क्रिसांता


सेबू, धक्क्यावर, शनिवार, २३ मार्च, सकाळी

फिलोमेना,

कापू नकोस. हे वाचायच्या आधी हातात सुरी असेल तर खाली ठेव. त्याला काही करू नकोस.

मी आज स्वतः धक्क्यावर आले आहे. बोट सुटायला थोडा वेळ आहे, बेबांग शेजारी उभी राहून "आटपा, मानांग" करते आहे, म्हणून अक्षर असं आलंय.

मंगळवारी ती आली तेव्हा तुझी चिठ्ठी नव्हती. मी म्हटलं, "काय म्हणाली फिलोमेना?" तर म्हणाली, "तुमचं पत्र वाचलं, घडी घातली आणि दाणे टाकायला निघून गेली." मग मी झग्याचं विचारलं. सगळं गाव त्यावर काय बोलतं, मिरवते का, हसते का. बेबांगने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी.

"मिरवते कुठली! दाणे टाकायच्या वेळेपुरता घालते. काम झालं की काढते, धुते आणि परत तुमच्याच दोरीवर वाळत घालते. स्वतःच्या कपड्यांत गेली की तो अजूनही अंगावर येतो. तुमचा झगा असला की मेंढरासारखा."

"मग हे मला शुक्रवारी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकून घेतलंत का? निळा झगा एवढं कानावर पडलं आणि कागद मागितलात."

फिलोमेना, म्हणजे तो तुझ्या मागे हिंडतच नव्हता. तो माझ्या मागे हिंडत होता! तुझ्या दारापर्यंत आला तो मला सोडायला आला. पोस्टमन जसा दुसऱ्याचं पत्र हातात घेऊन फिरतो तसं तुझं चाललं होतं, आणि मी इथे जळून कोळसा झाले. त्या दिवसापासून मला एकदम भूक लागायला लागली आहे. काल विहीणबाई बाळाला घेऊन बसली होती तरी मला काही वाटलं नाही. म्हटलं, घे बाई, तुलाही कुणीतरी हवंच की.

आता तू म्हणशील, मंगळवारी कळलं तर बुधवारच्या बोटीने का नाही लिहिलं. लिहिलं होतं. फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. तुला "माझं चुकलं" असं लिहायचं म्हटलं की पेन चालत नाही. आणि मी मनाशी म्हटलं, घाई कशाला? उपासाचे दिवस चालले आहेत. फिलोमेना तर पाद्र्यापेक्षा कडक. उपासाच्या शुक्रवारी डाससुद्धा मारत नाही, मारला तर क्रूस काढते. उद्या झावळ्यांचा रविवार, पवित्र आठवडा लागला की ती नखंसुद्धा कापायची नाही, कोंबडा काय कापणार! ईस्टरपर्यंत तो सुरक्षित आहे, तोवर सावकाश लिहू. काल बेबांग म्हणाली की गुरुवारी संध्याकाळी तिने त्याची बांग ऐकली. बघ, माझा अंदाज खरा निघाला.

पण आज सकाळी उठले तर त्या अंदाजावर भरवसा वाटेना, म्हणून चपला घालून सरळ इकडे आले.

एक गोष्ट आणखी, आणि मग बेबांगला देते. माझ्या हातावरचे दाणे तो कधीच खात नाही. मलाही नखं मारली आहेत त्याने, लांब बाहीचे झगे मी काही उगाच घालत नाही. तुझ्या हातावरचे खाल्ले ते मी माझ्याच हातावरचे धरते. तुला चालेल ना?

झगा घालत जा. हवा तर ठेवून घे.

क्रिसांता


पोरो, झावळ्यांचा रविवार, २४ मार्च

मानांग क्रिसांता,

तुमचं धक्क्यावरचं पत्र काल दुपारी बेबांगने दिलं. तेव्हा अदोबो चुलीवर होतं.

तुमचं आधीचं पत्र आलं तेव्हा वाटलं, रागात लिहिलंय. राग उतरला की दुसरं येईल. म्हणून बुधवारी मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. बेबांगने दोन्ही हात रिकामे दाखवले. मग काय करणार? आजपासून पवित्र आठवडा, यात रक्त सांडायचं नाही. पुढे ढकललं असतं तर ईस्टरला तुम्ही आलाच असतात, आणि तो परसात दिसला असता तर तुम्ही म्हणाला असतात, फिलोमेनाने याला आपल्यासाठी ठेवून घेतला. खरं सांगा, म्हणाला असतात ना? म्हणून जे करायचं ते कालच करणं भाग होतं. तरी गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शुक्रवारी तर करता येतच नाही.

काल सकाळी मी माझ्या कपड्यांत गेले. तुमचा झगा घालून हे काम करायचं नव्हतं. पण तो अंगावर आला, हात फोडला, हाती लागेना. सूप फाटलं, ते मी भरून देईन. शेवटी दोरीवरून झगा काढला आणि घातला. नुसती उभी राहिले, हाकही मारली नाही. तो आपणहून आला. मी उचलला तेव्हा त्याने माझ्या दंडावर मान टेकवली. तिथेच बसून केलं मी ते. झगा धुतला आहे.

तुमच्या पत्रात मानोय तेओदुलोंचं होतं, त्याचं उत्तर मी आधी दिलं नाही. ते यायचे हे खरं. पण पोटभर कधी जेवले नाहीत. दोन घास खायचे आणि उठायचे. म्हणायचे, "आता घरी जाऊन पुन्हा जेवायचं आहे, नाहीतर क्रिसांता रुसेल. तिच्या हातचं नाही खाल्लं तर मला झोप येत नाही." मी रडले ते त्यांच्यासाठी रडलेच, पण माझ्या दारात येऊन "काय केलंयस आज?" असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं, त्याचंही रडू होतं. आठ-दहा दिवस कापितान दारापर्यंत येत होता तेव्हा मलाही बरं वाटायचं. तो माझ्यासाठी येत नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

अदोबो जास्त वेळ शिजवलं आहे. मंगळवारी मडकं पोचेल, फडक्याची गाठ निम्फाला सोडू देऊ नका, तिच्या पोटाला ताण पडेल. पिल्लं चांगली आहेत. कोंबड्या सकाळी जरा वेळ वाट बघतात, मग दाणे टिपतात.

तुमची,
फिलोमेना


सेबू, बुधवार, २७ मार्च

फिलोमेना,

काल मडकं आणि तुझं पत्र बरोबरच आलं. मी पत्र आधी उघडलं, तोवर विहीणबाईने मडकं उघडलं.

"काय वास सुटलाय! विहीणबाई, तुमच्या जावेच्या हाताला चव आहे हो," असं म्हणत तिने भात वाढायला घेतला. मी पत्र घडी करून छातीशी खोचलं आणि पाणी वाढलं. जावयाने दोनदा भात घेतला. निम्फा म्हणाली, "आई, तू पण घे ना, फिलोमेना काकीने पाठवलंय." मी म्हटलं, पवित्र आठवडा आहे, मी मांस सोडलंय. विहीणबाई म्हणाली, "मंगळवारी चालतं हो." तिला सगळंच माहीत असतं.

सगळे उठल्यावर मी मडक्याशी गेले. कापायला मीच सांगितलं होतं, मग तोंड फिरवायला मला जागा कुठे होती? उभ्या उभ्या एक तुकडा खाल्ला. चिवट नव्हता. सिरका बरोबर पडला आहे. इतकी वर्षं तुझ्या घरचा घास तोंडात घातला नाही आणि घातला तो हा. तेओदुलो दोन घासांवर कसा उठत असेल, मला कळत नाही.

तू लिहिलंस की तो आपणहून आला. तेवढं एकच वाक्य मी सारखं वाचते. माझी हाक नसताना तो माझ्याकडे आला, माझ्यावर विश्वास ठेवून आला, आणि मी त्याच्यासाठी काय पाठवलं होतं ते तुला ठाऊक आहे. बुधवारची बोट रिकामी गेली ती माझ्यामुळे. तुझ्यावर रागवायला कारण शोधत मी सकाळपासून बसले आहे. एकही सापडलं नाही, आणि सवय मोडल्यासारखं चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

तरी एक राहिलंच. मान त्याने तुझ्या दंडावर टेकवली. माझ्या दंडावर कधी टेकवली नव्हती. झगा माझा असला तरी दंड तुझा होता, फिलोमेना, आणि त्याचा मला हेवा वाटतो. मेलेल्या कोंबड्यावरून जळणारी बाई तू पाहिली नसशील, तर बघून घे.

निम्फा आता हिंडते-फिरते. बाळ मला बघून हसतं, पण ते विहीणबाईलाही बघून हसतं. शनिवारच्या बोटीने मी घरी येते. तू धक्क्यावर येऊ नकोस असं लिहिणार होते. ये. ईस्टरला घरी येणाऱ्यांना घ्यायला त्या दिवशी सगळं गाव तिथे असेल. उतरताना मला रडू आलं, तर बायांना सांग, मानांगला बोट लागली.

क्रिसांता